नीट आठव

रविवार, रात्री साडेदहा

दुपारपासून गिस्ली गुडजॉन्सन यांच्याबद्दल वाचतोय. मूळचे आइसलँडचे, पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात फॉरेन्सिक मानसशास्त्राचे प्राध्यापक. न केलेला गुन्हा माणूस कबूल का करतो, या एका प्रश्नामागे त्यांनी सगळी हयात घातली. पण मी अडकलो ते त्यांच्या प्राध्यापक होण्याआधीच्या गोष्टीत.

1970 च्या दशकात ते रेक्याविकला पोलिसात होते. एका बाईची पर्स गेली. ज्याच्यावर संशय होता, तो दारू प्यायलेला, त्याला काही आठवत नव्हतं. गुडजॉन्सननी चौकशी केली आणि त्यानं चोरी कबूल केली: आठवत नाही, पण मीच घेतली असणार. पर्स मुळात चोरीला गेलीच नव्हती, हे नंतर कळलं.

इथे मी वाचायचा थांबलो, कारण मला वजनपेटी आठवली.

शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हाची गोष्ट. प्रयोगशाळेतल्या वजनपेटीतलं दोन ग्रॅमचं वजन सापडेना. पेटी शेवटी नववीतल्या एका मुलाच्या हातात होती. त्याला बोलावलं. "मी ठेवलं होतं, सर." "नीट आठव." "ठेवलं होतं वाटतं." "वाटतं म्हणजे काय? नीट आठव." पाचव्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "असेल सर, माझ्याकडूनच पडलं असेल." मी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. म्हणूनच तर मला वाटलं, खरं बाहेर आलं. वडिलांनी भरपाई भरली. दिवाळीच्या सुट्टीआधी साफसफाईत ते वजन तराजूच्या काचपेटीत, पलड्याच्या मागे सापडलं. पैसे परत केले. मुलाशी मात्र मी एक शब्द बोललो नाही.

गुडजॉन्सननी 1984 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. एक छोटी गोष्ट वाचून दाखवायची, मग तिच्यावर 20 प्रश्न. त्यातले 15 फसवे, गोष्टीत नसलेलं गृहीत धरणारे. माणूस किती ठिकाणी हो म्हणतो ते मोजायचं. मग त्याला ठामपणे सांगायचं की तुमच्या बऱ्याच चुका झाल्यात, आता नीट उत्तरं द्या, आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. किती उत्तरं बदलली, तेही मोजायचं. म्हणजे माझ्या "नीट आठव"चंच ते मोजमाप आहे. मी त्याला प्रेमळ समज देणं समजत होतो.

1974 च्या बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांत 21 माणसं गेली. सहा जणांना जन्मठेप झाली आणि 1991 मध्ये ते निर्दोष सुटले. त्यांतल्या चौघांनी कबुली दिली होती, दोघांनी नाही. बऱ्याच वर्षांनी गुडजॉन्सननी त्यांना याच चाचणीनं तपासलं, तर न झुकलेल्या त्या दोघांचे गुण फारच कमी निघाले. सगळी माणसं सारख्या दाबानं वाकत नाहीत. त्याच 1991 मध्ये टॉटनहॅमच्या एका खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयानं अशी मानसशास्त्रीय साक्ष मानली, आरोपीला मानसिक आजार नसतानाही. आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली पुरावा धरायची नाही, हे 1872 पासून कायद्यात आहे. ते कलम किती मोलाचं आहे, हे मला साठी उलटल्यावर समजतंय.

आइसलँडचं प्रकरण सगळ्यात अंगावर येतं. 1974 मध्ये दोन माणसं नाहीशी झाली. प्रेतं आजतागायत सापडलेली नाहीत. तरी सहा तरुण दोषी ठरले, तेही कबुलीजबाबांवर. एकाला 600 हून जास्त दिवस एकांतकोठडीत ठेवलं होतं. तिथे तो रोजनिशी लिहायचा. त्याच्या मृत्यूनंतर मुलीनं ती वह्यांची चळत बाहेर काढली आणि गुडजॉन्सननी ती वाचली. प्रकरण पुन्हा तपासायला नेमलेल्या गटाबरोबर त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं काम केलं. कबुल्यांवर विसंबता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच जणांना निर्दोष ठरवलं. पाचांतले दोघे तोवर हयात नव्हते.

त्या कैद्यानं वहीत जे लिहिलं, ते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

आता हे लिहिताना त्या मुलाचं पहिलं वाक्य पुरं आठवलं. "मी ठेवलं होतं, सर" एवढंच तो म्हणाला नव्हता. "मी ठेवलं होतं, सर, तराजूपाशी." मी तिथे जाऊन पाहिलं नाही.