पायी फिरून पाहिलेल्या मुंबईचे नकाशे

आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा एप्रिलमध्ये, 16 तारखेच्या जवळच्या रविवारी, दादरमधील एका शाळेच्या सभागृहात भरतो. 1853 साली याच तारखेला बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली, म्हणून ही तारीख. आमच्या मेळाव्यात गाणी, नकला किंवा बक्षीस समारंभ नसतो. सभासद आणि त्यांची मुलेबाळे मुंबईसाठी आपापल्या मनातले प्रकल्प घेऊन येतात, फळ्यावर नकाशा लावतात आणि दहा मिनिटांत तो समजावून सांगतात. कोणी लोकलचा नवा फाटा आणतो, कोणी पूल, कोणी बोटीचा धक्का, तर कोणी एखादी इमारत. नियम दोनच आहेत: जागा स्वतः पायी फिरून पाहिलेली असावी आणि नकाशा स्वतःच्या हाताने काढलेला असावा. मंडळाचा चिटणीस या नात्याने हे दोन्ही नियम मी आजवर कटाक्षाने पाळत आलो आहे, आणि त्यावरून काही जणांचा रोषही पत्करला आहे.

दीपप्रज्वलन, मागील वर्षाचे इतिवृत्त, जमाखर्चाचे वाचन आणि अध्यक्षांचे चार शब्द हे सर्व रीतसर होते. नाना शंकरशेट यांच्या तसबिरीला हार मात्र मी कधीही घाईने घालू देत नाही. 1845 साली, हिंदुस्थानात कोठेही प्रवासी रेल्वे नसताना, नानांनी जमशेटजी जीजीभाईंसह मुंबईत आगगाडी यावी म्हणून पुढाकार घेतला, आणि आठ वर्षांनी ती धावली. आपल्या गावासाठी अशक्य वाटणारी गोष्ट मनात आणून तिचा पाठपुरावा करणाऱ्या माणसाचा मान पहिला असावा, असे आम्हा सर्वांनाच वाटते.

त्यानंतर दर वर्षी मी स्वतः काही मिनिटे घेतो आणि चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांची गोष्ट सांगतो. दोन वास्तुविशारद आणि एक अभियंता अशा या तिघांनी 1964-65 च्या सुमारास, कोणत्याही सरकारने सांगितलेले नसताना, खाडीपलीकडे नवे शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवावे अशी कल्पना मांडली. त्याच 1965 साली केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल वाहतुकीसाठी खुला झाला, तोही पटेलांनीच आखलेला. 1970 च्या मार्चमध्ये ते शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि तिघांच्या कागदावरचे शहर जमिनीवर उतरू लागले. ते त्यांनी कल्पिले तसेच्या तसे उतरले नाही. राज्यकारभाराचे मुख्य केंद्र पलीकडे जावे ही त्यांच्या मांडणीतली कळीची गोष्ट होती. ती झाली नाही आणि इकडे नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. मानखुर्दहून वाशीला लोकल जायला 1992 साल उजाडले. तरीही आज लाखो माणसे ज्या शहरात राहतात, ते प्रथम तीन माणसांच्या मनात होते, हे मुलांना कळावे म्हणून मी हे दर वर्षी सांगतो. 2024 च्या डिसेंबरमध्ये शिरीष पटेल गेले, आणि त्यापुढच्या एप्रिलमध्ये हे सांगताना माझा आवाज स्थिर राहिला नाही.

आता मुख्य भागाविषयी. मोठे प्रकल्प आमच्याकडे भरपूर येतात. समुद्राखालून जाणारे बोगदे, विरार ते अलिबाग गोलाकार फिरणारी मेट्रो, माहीमच्या खाडीवरचे तरंगते उद्यान, मिठी नदीच्या दोन्ही काठांनी सायकलींचा रस्ता. तरुण मुले आता हे सर्व संगणकावर रेखाटू शकतात; ते पाहताना सभागृह टाळ्यांनी दणाणते आणि मीही टाळ्या वाजवतो. शिवडी-न्हावा पुलाचा नकाशा तर आमचे एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त आरेखक, वर्षानुवर्षे आणत असत. 1960 च्या दशकापासून चर्चेत असलेला हा पूल आता होणारच नाही, असे म्हणून मागच्या रांगेतले काही जण त्यांच्या वेळेला चहासाठी उठत, हे मी विसरलेलो नाही. 12 जानेवारी 2024 रोजी 21.8 किलोमीटरच्या या पुलाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याच मंडळींनी त्याची छायाचित्रे मला पाठवली. त्या वर्षी काकांनी जुना नकाशा आणला नाही. नव्या पुलावर पादचाऱ्याला, दुचाकीला आणि रिक्षाला प्रवेश नाही, तेव्हा शिवडीच्या कोळीवाड्यातल्या माणसाने पलीकडे जायचे कसे, असा प्रश्न विचारून त्यांनी शिवडीच्या धक्क्यावरून साध्या फेरीबोटीचा नकाशा फळ्यावर लावला. आयुष्यभराची इच्छा पूर्ण झाल्यावरही त्यांचे डोळे पुलावर जाऊ न शकणाऱ्या माणसाकडे गेले.

मला मेळाव्यात दर वर्षी ज्याची ओढ असते ते हेच. मोठ्या प्रकल्पांनी माझी छाती फुगते, पण जो माणूस एखाद्या जिन्यावरून, फलाटावरून किंवा गल्लीतून रोज जातो आणि तेथे काय हवे ते पक्के ठरवून उभा राहतो, त्याचे बोलणे ऐकताना मला भरून येते. असे बोलणारे बहुधा वक्ते नसतात. कागद हातात थरथरतो, पहिली दोन वाक्ये ऐकू येत नाहीत, आणि मग नकाशावर बोट टेकले की आवाज सापडतो.

अशी भाषणे अनेक झाली, पण 2018 चे भाषण मी सर्वांत वर ठेवतो. लोअर परळच्या एका कचेरीत काम करणारी, डोंबिवलीहून येणारी एक मुलगी त्या वर्षी प्रथमच आली होती. आदल्या सप्टेंबरमध्ये, 29 तारखेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावरच्या चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली होती. लष्कराने बांधलेला नवा पूल फेब्रुवारीत खुला झाला होता, त्यामुळे ती आणखी एका रुंद पुलाचा नकाशा आणील असे आम्हांला वाटले. तिने पूल काढलाच नव्हता. तिच्या कागदावर जिन्याचे खालचे तोंड होते आणि त्याच्यापुढे छप्पर असलेली एक मोकळी जागा होती. ती म्हणाली, "त्या दिवशी पाऊस होता. पाऊस आला की माणूस जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबतो, कारण पुढे छप्पर नसते, आणि मागून दुसरी गाडी आलेली असते. आपण पुलाची रुंदी मोजतो, पण थांबण्याची जागा कोणी काढत नाही." तिने पायऱ्यांची रुंदी आणि उंची शिंप्याच्या टेपने मोजली होती आणि मोजताना लोकांचे धक्के खाल्ले होते. छपराची उतरण रस्त्याच्या बाजूला ठेवली होती, म्हणजे पागोळ्या माणसांच्या डोक्यावर पडणार नाहीत. छत्री मिटायला किती जागा लागते तेही तिने कागदावर वर्तुळे काढून दाखवले होते. सभागृहात टाळ्या फार उशिरा झाल्या. अध्यक्षांनी तिला आणखी पाच मिनिटे दिली. आमच्या मेळाव्यात हा मान फारच थोड्यांना मिळाला आहे.

दुसरी आठवण नायगावच्या वहिनींची. बीडीडी चाळीत त्यांचा संसार 160 चौरस फुटांच्या खोलीत झाला. पुनर्विकासात 500 चौरस फुटांचे घर मिळणार, याचा आनंद त्यांनी अगदी मोकळेपणाने सांगितला. त्यांचा प्रकल्प होता नव्या उंच इमारतीतल्या पॅसेजचा. चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या आणि मध्ये एक लांब पॅसेज. मुले तेथेच चालायला शिकतात, वाळवणे तेथेच पसरतात आणि घरात माणूस गेले तर बसायला आलेली माणसेही तेथेच बसतात. लिफ्टबाहेरच्या चार पावलांच्या जागेत हे होणार नाही, म्हणून दर तिसऱ्या मजल्यावर एक रुंद, उजेडाचा पॅसेज ठेवावा आणि त्यात भिंतीला लागून कट्टा असावा, असे त्यांनी मुलाच्या आलेखवहीच्या पानांवर, पाने एकमेकांना चिकटवून, काढून आणले होते. कट्ट्याची उंची आपल्या सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंतची घेतली आहे, हे त्यांनी सांगितले तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ज्या शहरात गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार व्हावा म्हणून 1996 साली कोरिया समिती नेमली गेली, आणि पुढे 2001 च्या नियमबदलाने मोकळ्या जागेचा लोकांचा वाटा आक्रसला, त्या शहरात वहिनींची ती पाने मला नियोजनाच्या कागदपत्रांइतकीच मोलाची वाटतात. ती मी मंडळाच्या कपाटात जपून ठेवली आहेत.

ट्रामवाले आजोबा हा तर आमच्या मेळाव्याचा नित्याचा आनंद आहे. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली, तेव्हा ते वडिलांचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभे होते. उड्डाणपुलांखालची जागा मोकळी करून भायखळा, लालबाग, परळ या मार्गाने दादरपर्यंत पुन्हा ट्राम आणावी, ही त्यांची योजना. दर वर्षी वेळ संपल्याची घंटा वाजते, दर वर्षी कोणीतरी नात "आजोबा, बसा आता" म्हणते, आणि दर वर्षी ते उरलेले थांबे एका दमात म्हणून दाखवूनच बसतात.

उपस्थितीविषयी लिहिणे मला जड जाते, पण लिहिले पाहिजे. दादर-परळची जुनी घरे सोडून बोरिवली, मीरा रोड, कल्याणला गेलेले अनेक सभासद रविवारच्या मेगाब्लॉकचे कारण सांगतात. मेगाब्लॉक असतो हे खरेच. परंतु वसईच्या एक शिक्षिका दर वर्षी सहा विद्यार्थ्यांना घेऊन वेळेच्या आधी हजर असतात, आणि हाकेच्या अंतरावर राहणारे काही जण केवळ आपल्या मुलाचे सादरीकरण होईपर्यंत थांबतात. शेवटच्या वक्त्यासमोर रिकाम्या खुर्च्या असणे मला सहन होत नाही. म्हणून मी नव्या आणि घाबऱ्या वक्त्यांना मुद्दाम आरंभी घेतो.

ज्यांच्या आधारावर हे सर्व उभे राहते त्यांचा उल्लेख कितीही केला तरी कोणीतरी राहून जाण्याची मला धास्ती असते. शाळेचे शिपाईमामा आदल्या रात्री खुर्च्या लावतात आणि दुसऱ्या दिवशी बाके पुन्हा जागच्या जागी ठेवतात. झेरॉक्सच्या दुकानाचे मालक मोठे नकाशे निम्म्या दरात काढून देतात. ध्वनिक्षेपकाची व्यवस्था पाहणारे दोघे भाऊ मानधन घेत नाहीत. सभागृहाच्या दारात मध्य आणि पश्चिम रेल्वेची सर्व स्थानके रांगोळीने काढणाऱ्या तिघी बहिणी पहाटे पाचला येतात. हार्बरची स्थानके त्यांच्या भाचीची. वडे आणि चहा पाहणारे काका आणि त्यांना कांदा चिरून देणारी मंडळी, पावतीपुस्तक सांभाळणाऱ्या कोषाध्यक्ष ताई, नकाशाची वरची दोन टोके हात भरून येईपर्यंत धरून ठेवणारी पाचवी-सहावीची मुले, इतिवृत्त सुवाच्य अक्षरात उतरवणारे आणि आता दृष्टी अधू झाल्याने नातवाकडून लिहवून घेणारे आमचे माजी चिटणीस, वेळेची घंटा वाजवण्याचे अप्रिय काम करणाऱ्या मावशी, आणि मागच्या वर्षी ऐनवेळी वीज गेली असता समोरच्या इमारतीतून तार ओढून देणारे रखवालदार, या सर्वांचा मी ऋणी आहे.

2025 च्या सप्टेंबरमध्ये रेल्वेवरचा वाहनांचा जुना एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाला. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तेथे दुमजली पूल व्हायचा आहे. परळ आणि प्रभादेवी (पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड) यांच्या दरम्यान पायी ये-जा करणाऱ्याला त्यात काय मिळावे, हाच पुढील मेळाव्याचा मुख्य विषय कार्यकारिणीने ठरवला आहे. 2018 ची ती मुलगी आता लग्न होऊन ठाण्याला राहते. टेप घेऊन दोन्ही बाजूंचे जिने मोजण्याचे काम तिने आपणहून मागून घेतले आहे आणि नायगावच्या वहिनी तिच्याबरोबर जाणार आहेत. आरेखक काका त्या मापांवरून मोठा नकाशा काढतील. केईएम किंवा टाटा रुग्णालयात रुग्णाला घेऊन त्या बाजूने ज्यांना जावे लागते, त्यांनी आपली वाट, चढावे लागणारे जिने आणि लागणारा वेळ लिहून मार्चअखेरपर्यंत माझ्याकडे द्यावा. अक्षर कसेही असले तरी चालेल.