तुम्ही विचारलंत म्हणून: आता चांगला एअरब्रश कोणता घेऊ?

‘सध्या स्वस्तातला एअरब्रश वापरतोय. आता त्याहून चांगला घ्यायचाय, कोणता घेऊ?’ हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या या साधनाबद्दल स्केल मॉडेल (विमानं, रणगाडे यांच्या छोट्या प्रतिकृती) करणारी मंडळी मला हे नेहमी विचारतात. बहुतेकांनी दोन-तीन ब्रँडची नावं आधीच काढून ठेवलेली असतात. मी मात्र आधी एवढंच विचारतो, की रंगकाम संपल्यावर तो उघडून, पुसून परत जोडायला किती त्रास पडतो? माझ्या मते चांगल्या एअरब्रशची खरी परीक्षा तिथेच आहे.

एअरब्रशची सगळी करामत टोकाच्या काही मिलिमीटरमध्ये असते. निमुळत्या नोझलमध्ये सुई बसलेली असते. भोवतीने हवा जोरात बाहेर पडते, टोकाशी दाब कमी होतो आणि रंग ओढला जातो. डबल ॲक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई सरकून रंग येतो. तिथे वाळलेल्या रंगाचा एक कण राहिला तरी फवारा थुंकायला लागतो. सुईचं टोक नखाला जाणवेल न जाणवेल इतकं वाकलं तरी रंग एका अंगाने जातो. म्हणून हा भाग पुन्हा पुन्हा उघडावा लागणार, हे धरूनच निवड करायची.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त एअरब्रशमध्ये बहुधा आट्यांचं नोझल असतं, तांदळाच्या दाण्याएवढं. इवल्याशा पान्याने ते काढायचं आणि घट्ट करायचं. थोडा जोर जास्त लागला की आटे तुटून आतच अडकतात. याउलट इवाटा एक्लिप्स एचपी-सीएसचं 0.35 मिमी नोझल नुसतं जागेवर ठेवायचं, नोझल धरणारी टोपी आवळली की ते आपोआप मध्यावर बसतं. हार्डर अँड स्टीनबेकच्या इव्होल्यूशनमध्येही पाना लागत नाही. जपानच्या जीएसआय क्रिऑसचा पीएस-289 हा 0.3 मिमीचा एअरब्रश आट्यांच्या नोझलचाच आहे, पण त्याचं घडणकाम इतकं नेमकं आहे की हलक्या हाताच्या माणसाला तो मी बिनधास्त सुचवतो.

आतल्या सीलकडेही बघा. लॅकर (तीव्र थिनरमध्ये कालवलेले) रंग वापरत असाल किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने धूत असाल, तर साधं रबर फुगतं आणि कपातल्या रंगात हवेचे बुडबुडे यायला लागतात. टेफ्लॉनचं सील असेल तर ही कटकट नाही.

आता नोझलचा आकडा, म्हणजे त्याच्या छिद्राचा मिलिमीटरमधला व्यास. ‘बारीक काम करायचंय, 0.15 किंवा 0.2 घेतो’ असं म्हणणारे खूप भेटतात. मी त्यांना सहसा थांबवतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट बीएफ 109 विमानाच्या अंगावर करडे, धूसर कडांचे ठिपके असत. प्रत्यक्षातला 30 सेंमीचा ठिपका 1/72 मापाच्या (72 पट लहान) मॉडेलवर जेमतेम 4 मिमीचा होतो, आणि त्याची विरत गेलेली कड मिलिमीटरभरसुद्धा नसते. तरीही हे काम 0.3 च्या नोझलने उत्तम होतं. रंग दुधाहून पातळ करा, हवेचा दाब 10-12 पीएसआयवर (दाबाचं एकक) आणा, सुईच्या टोकावरची टोपी (नोझल धरणारी नव्हे) काढून टोक मॉडेलपासून दोन सेंमीवर धरा आणि ट्रिगर केसभर मागे घ्या. टोपी काढल्यावर सुई उघडी असते, मॉडेलला टेकू देऊ नका. 0.15 मध्ये तोच ॲक्रिलिक रंग टोकाशी वाळत राहतो आणि निम्मा वेळ सुई पुसण्यात जातो. रणगाडे, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), मोठी जहाजं जास्त करत असाल तर बॅजर पेट्रियट 105 चं 0.5 मिमी नोझल सुखाचं.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी हातात घेऊन बघा. मागचा नट सैल करून सुई बाहेर काढा आणि काचेवर लोळवा. टोक डुगडुगलं तर ती सरळ नाही. मग पातळ काळी शाई घालून कागदावर ठिपक्यांची ओळ काढा. ट्रिगर मागे घेताना रंग नेमका कधी सुरू होतो, हे बोटाला कळलं पाहिजे. अडखळत, झटक्याने सुरू होणारा ट्रिगर कितीही महाग असला तरी नको.

आणि कंप्रेसर! टाकी नसलेल्या छोट्या पंपावर हवा धडधडत येते आणि रेघ जाड-बारीक होते. अशा वेळी दोष एअरब्रशला देतात. तीन लिटरची टाकी आणि रेग्युलेटर (दाब कमी-जास्त करणारा) असलेला कंप्रेसर नसेल, तर पैसे आधी तिकडे घाला. मुंबई-कोकणात पावसाळ्यात दाबलेल्या हवेतलं पाणी नळीत साठतं आणि ऐन रंगकामात थेंब उडतो. कंप्रेसरवरच्या मॉइश्चर ट्रॅपच्या (हवेतलं पाणी अडवणाऱ्या) जोडीला एअरब्रशच्या खाली एक छोटा ट्रॅप लावून घ्या.

तेव्हा सरळ उत्तर हवं असेल तर: वरून कप असलेला, डबल ॲक्शन, 0.3 ते 0.35 चा आणि बिनापान्याच्या नोझलचा एअरब्रश घ्या. ज्याची सुई, नोझल नि सील आपल्याकडे सुटी मिळतात तोच निवडा आणि त्याच ऑर्डरमध्ये एक जादा सुई, एक जादा नोझल मागवा. लॅकर मारणार असाल तर ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं असलेला मास्कही त्यातच घाला. धुळीचा कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही.