मशीन येईल हो, पण तुकडा कोण तपासणार?

परवा एका मित्राचा फोन आला. त्यांच्या शहरात कॅन्सर सेंटर उभं करायचं घाटतंय, तो कमिटीवर आहे, म्हणाला अगं तू मावशीबरोबर एवढे दिवस काढलेस, पेशंटच्या बाजूने सांग ना पहिलं काय हवं ते. मी काही डॉक्टर नाही, पण वेटिंग रूममध्ये पाच आठवडे बसलं की माणूस बरंच काही शिकतो आणि नंतर वाचत सुटतो, तसं माझं झालं.

मावशीला २५ वेळा रेडिएशन होतं, सोमवार ते शुक्रवार, रोज. टेबलावर झोपणं, पोझिशन नीट लावणं, मशीन फिरणं सगळं धरून १५ मिनिटं, आणि त्या १५ मिनिटांसाठी जाऊन-येऊन सहा तास. केमोचं एकवेळ जमतं, बऱ्याचदा तीन आठवड्यांनी एकदा जायचं असतं, ऑपरेशन तर एकदाच. पण रेडिएशन रोजचं, आणि कॅन्सरच्या जवळपास निम्म्या पेशंटना कधी ना कधी ते लागतंच. आमच्या वेळेला गळ्याचा कॅन्सर असलेले एक काका यायचे, तिसऱ्या आठवड्यानंतर ते दिसेनासे झाले. तब्येत बिघडली असेल, नाहीतर रोजचा प्रवास झेपला नसेल, कुणाला विचारणार. नंतर वाचलं की गळ्याच्या आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये ट्रीटमेंट लांबली की दर दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण १ टक्क्याने घटते, कारण मधल्या काळात उरलेल्या पेशी परत भराभर वाढायला लागतात. म्हणजे अंतर हे नुसती गैरसोय नाही, ते थेट आजारावर बोलतं.

म्हणून मी त्याला म्हटलं, रेडिएशन शहरात आणाच, पण बंकर एक जास्तीचा बांधा. मशीन ज्या खोलीत असतं तिला बंकरच म्हणतात, किरणं जिकडे थेट पडतात तिकडच्या भिंती दोन-दोन मीटर काँक्रीटच्या असतात, त्या नंतर पाडून वाढवता येत नाहीत. एक मशीन वर्षाला साधारण ४००-५०० पेशंट करतं. शहर वाढणार हे माहीत असताना एकच बंकर बांधणं म्हणजे लहान मुलाला मापाचे बूट घेणं. शिवाय दहा-बारा वर्षांनी मशीन बदलायची वेळ येते तेव्हा रिकामा बंकर असला तर नवीन मशीन तिथे लावून मग जुनं बंद करता येतं, नाहीतर काही महिने सगळे पेशंट परत त्या सहा तासांच्या प्रवासाला. आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला नुसतं बाहेरून रेडिएशन देऊन भागत नाही, आतून द्यायचं ब्रॅकीथेरपी लागतेच, तिची खोली पहिल्या नकाशातच हवी.

एक गोष्ट मात्र फार छान झालीय मधल्या काळात. ब्रेस्ट कॅन्सरला आधी २५ वेळा द्यायचे, मग १५ झाले, आणि २०२० साली ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड ट्रायलचे निकाल आले की बऱ्याच बायकांना ५ वेळा दिलं तरी पाच वर्षांच्या हिशोबात रिझल्ट तितकाच चांगला. सगळ्यांना चालत नाही, डॉक्टर बघून ठरवतात, पण ज्यांना चालतं त्यांचे २० दिवस वाचतात आणि मशीनवर तेवढी जागा दुसऱ्यांना मिळते, म्हणजे एक पैसा न घालता मशीनची ताकद वाढल्यासारखंच झालं ना.

पण हे सगळं नंतरचं. सगळ्यात आधी मला विचाराल तर पॅथॉलॉजी, म्हणजे गाठीचा तुकडा तपासणारी लॅब. मावशीच्या गाठीचा तुकडा काढला त्याचा पहिला रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले, आणि तो आल्यावर कळलं की पुढच्या टेस्ट, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का आणि तिच्यात हर-टू नावाचं प्रोटीन जास्त आहे का ते बघणाऱ्या, करायच्याच राहिल्यात, मग परत ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, दुसरीकडे पाठवा. त्या टेस्टशिवाय कुठलं औषध द्यायचं हेच ठरत नाही, करोडोंची मशीनं शेजारी उभी असली तरी. तुकडा काढल्यावर तासाभरात फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, गेला पाहिजे, आणि त्यात निदान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास ठेवायचा असतो, कुणी चुकून सलाईनमध्ये टाकून ठेवला की टेस्टचा भरवसा गेला. किती साधी गोष्ट आहे, एक बाटली आणि तिच्यावर वेळ लिहायची शिस्त!

आणि फाइल. आम्हीच फाइल घेऊन सर्जनकडून केमोवाल्यांकडे, तिथून रेडिएशनवाल्यांकडे, प्रत्येक जण म्हणणार आधी त्यांना विचारून या. ट्यूमर बोर्ड म्हणजे हे सगळे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून एकदा एका टेबलाभोवती बसून एकेक केस बघतात, त्याला काही यंत्रसामग्री लागत नाही, एक खोली आणि वेळ पाळणारी माणसं लागतात. माझ्या मते ज्या इमारतीत हे होत नाही तिला कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सगळं एका छताखाली देणारं सेंटर, म्हणू नये, बोर्डवर काहीही लिहिलेलं असो. मेडिकल फिजिसिस्ट हे पद पण लोक विसरतात, डोसचं गणित आणि मशीनची रोजची तपासणी तो बघतो, तो नसेल तर मशीन नुसतं शोभेचं.

पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारा? हवाच, पण लगेच नाही. त्याच्यासाठी टोचतात त्या किरणोत्सारी औषधाची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, ते जवळ कुठे बनत नसेल तर आधी त्याची सोय बघा. त्यापेक्षा वेदना कमी करणारं पॅलिएटिव्ह केअर आणि मॉर्फीनच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून हव्यात.

एवढं सगळं बोलल्यावर त्याने मला नकाशा पाठवला. लॉबी मोठी, काचेची, कारंजंही आहे. पॅथॉलॉजी लॅब कुठे दिसेना म्हणून झूम करत बसले, तर सापडली, पार्किंगच्या बाजूला, खाली बारीक अक्षरात फेज २. परत फोन लावलाय, उचलत नाहीये अजून.