तुम्ही विचारलंत म्हणून: हॅवलॉकला उतरायचं कुठे?

दिवाळी जवळ आली की आमच्या इंदूरच्या गोतावळ्यात हा प्रश्न सुरू होतो: 'आई-बाबा, आम्ही, ताई-भावजी, पोरं, सगळे अंदमानला निघालोय. हॅवलॉकला बीचला लागूनच घ्यावं ना?' सोबत कॉटेजचा फोटो. लाकडी ओटा, झोका, मागे निळं पाणी. खरं तर तुम्हाला उत्तर नको असतं, होकार हवा असतो. तो मिळत नाही, म्हणून मी सहलीचं हॉस्पिटल करतो असं माझ्यामागे बोललं जातं. बोला. पण एकदा नीट ऐकून घ्या.

त्या फोटोत पायऱ्या दिसत नाहीत. अशी कॉटेजेस बरेचदा खांबांवर उभी असतात, म्हणजे दाराशी चार-सहा पायऱ्या आल्या आणि कठडा असलाच तर एका बाजूला. न्हाणीघर एक पायरी खाली, हौसेने गोटे बसवलेलं. जेवायची जागा वाळूतून पलीकडे. आणि पाणी दिसतंय, कारण फोटो भरतीला काढलाय. गोविंदनगर आणि विजयनगर, म्हणजे बीच नंबर 3 आणि 5, बेटाच्या पूर्वेला आहेत आणि बरीचशी रिसॉर्ट्स याच बाजूला. ओहोटीत इथलं पाणी लांब मागे जातं, मेलेल्या प्रवाळाचे खडक उघडे पडतात. अनवाणी चालवत नाही, डुंबायचं तर सोडाच. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं. तुमच्या तारखांना सकाळी दहाला पाणी कुठे असेल, हे भरती-ओहोटीच्या तक्त्यात बुकिंगआधीच कळतं. तो कोणी उघडत नाही.

माझा हट्ट ज्यामुळे पक्का झाला, ते कुटुंब आपल्यातलंच, नाव घेत नाही. पाच वर्षांच्या नातीपासून ऐंशीच्या आजींपर्यंत दहा जण. आजींची मागणी एकच: तात्यारावांची, म्हणजे सावरकरांची, कोठडी बघायची. मुलांनी आखणी केली ती अशी: उतरल्या दिवशी थेट बोटीने हॅवलॉक, तिथे तीन रात्री, मग पोर्ट ब्लेअरला एक मुक्काम, शेवटच्या सकाळी सेल्युलर जेल आणि दुपारचं विमान. कॉटेज पहिल्या रांगेतलं, सगळ्यात महागाचं, आईला पलंगावरून समुद्र दिसावा म्हणून. भावना खरीच होती. पहिल्या रात्री आजी न्हाणीघरात घसरल्या नाहीत, नुसत्या घाबरल्या. दुसऱ्या दिवसापासून रात्री उठायला नको म्हणून चारनंतर त्यांनी पाणी पिणं बंद केलं. सांगितलं कोणालाच नाही. जेवायला जायचं म्हणजे पायऱ्या, वाळू, परत वाळू, परत पायऱ्या. ताट खोलीवर मागवलं तर नातवंडं म्हणायची, 'आजी, चल ना.' मग जायच्या. त्यात दमट हवा आणि रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी. तिसऱ्या दिवशी चक्कर आली, सरकारी दवाखान्यात सलाइन लागलं. शेवटच्या सकाळी जेलच्या अंगणात सून म्हणाली, 'आई, तुम्ही खालीच बसा.' इमारत तीन मजली, कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला. बाकीचे चढून आले आणि मोबाइलवर फोटो दाखवला. आजी म्हणाल्या, 'छान आहे.' मुलगा अजूनही सांगतो की रिसॉर्टमध्ये काही कमी नव्हतं. नव्हतंच.

तेव्हा गुडघे कुठे खर्चायचे ते आधी ठरवा, खोली मग बघा. सुरुवातीला पोर्ट ब्लेअरलाच दोन रात्री, लिफ्ट असलेलं साधं हॉटेल, आणि दुसऱ्या सकाळी ताज्या पायांनी जेल. मग हॅवलॉक. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पुन्हा पोर्ट ब्लेअर, कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात. (तिकिटावर श्री विजयपुरम आणि स्वराज द्वीप दिसलं तर घाबरू नका, पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकचीच नवी नावं आहेत.)

हॅवलॉकला तळमजल्यावरची पक्की खोली, दुसऱ्या रांगेतली चालेल. फोटो मागू नका. फाटकापासून पलंगापर्यंत आणि तिथून कमोडपर्यंत, मध्ये न तोडलेला व्हिडिओ मागा. पायऱ्या, उंबरे, धरायचा दांडा, सगळं त्यात येतं. पलंग गुडघ्यापेक्षा खाली असेल तर म्हाताऱ्या माणसाला उठवत नाही. 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे बरेचदा जमिनीवरची गादी, ती आजोबांच्या वाट्याला येऊ देऊ नका. इन्सुलिन असेल तर दाराशी खोचायचं कार्ड दोन मागा. एक घेऊन बाहेर पडलात की बऱ्याच ठिकाणी फ्रिजही बंद होतो. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा, हे लिहून घ्या. आणि स्वयंपाकघर कधी बंद होतं ते विचारा. इंदूरच्या सराफ्यात मध्यरात्री खाणारी आपली माणसं, तिकडे डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि जेवणंही लवकर आटोपतात.

पूर्वी मी सगळ्यांना एकाच छपराखाली राहा म्हणायचो. आता शेजारच्या खोल्या म्हणतो, कारण एका व्हिलात पोरं पहाटे उठतात आणि आजोबांची दुपारची झोप कोणालाच सांभाळता येत नाही. पण मग रात्री आजींना चक्कर आली तर भिंतीपलीकडून ऐकू कसं जाणार? मधलं दार असलेल्या दोन खोल्या हा उपाय आहे, त्या सगळीकडे मिळत नाहीत.

हॅवलॉकच्याच राधानगर बीचचं मात्र माझं मलाच जुळत नाही. वाळू मऊ, पाण्यात खडक नाहीत, पोरांना तेच हवं. पण जेटीपासून सुमारे 12 किलोमीटर, राहायच्या जागा मोजक्या, त्या महाग, आणि अंधार पडला की गाडी आधी सांगून ठेवावी लागते. शेजारचं नील बेट लहान, बरंचसं सपाट, भरतपूरचं उथळ पाणी जेटीला लागूनच, म्हणून अलीकडे मी तेच सुचवायला लागलोय. त्यावर कॉलेजातली नातवंडं म्हणतात की तिथे दीड दिवसात कंटाळा येतो, आणि त्यांना खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.