साठ कपाटं दिली, बिल निघता निघेना

लातूरच्या एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं लहानसं शेड आहे. ग्रिल, शटर, लोखंडी कपाटं. सरकारी काम म्हटलं की वडील लांबूनच हात जोडायचे. मागच्या वर्षी पोरगा म्हणाला, "पप्पा, जेमवर एकदा टाकून तर बघू." जेम म्हणजे सरकारी कार्यालयं ऑनलाइन खरेदी करतात ते पोर्टल.

नोंदणीला वाटलं तसा त्रास झालाच नाही. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार नंबरवर होते, एक रुपया लागत नाही. (आम्हाला एकानं दीड हजार सांगितले होते, ते वाचले.) फक्त तिथं उत्पादन करता की व्यापार, हे नीट भरा. नुसत्या व्यापाऱ्याला सरकारी खरेदीतल्या सवलती मिळत नाहीत. आम्ही कपाटं स्वतः बनवतो, म्हणून केंद्र सरकारच्या एका कार्यालयाच्या बोलीत वीसेक हजारांची बयाणा रक्कम, म्हणजे बोलीसोबत भरायची अनामत, माफ झाली. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ही सूट आहे. वीस हजार म्हणजे आमच्याकडं कामावरच्या पोरांची आठवड्याची मजुरी.

बोली लागली. साठ कपाटं टेम्पोनं पोचवली, त्यांनी मोजून उतरवून घेतली, पोर्टलवर माल स्वीकारल्याची नोंदही झाली. मला वाटलं, झालं.

मग बिलासाठी कागद सुरू झाले. आधी उद्यमच्या दाखल्याची नोटरी केलेली झेरॉक्स. पुढच्या खेपेला पाचशेच्या बाँडवर शपथपत्र, की आम्ही काळ्या यादीत नाही. हेच पोर्टलवर आधी लिहून दिलं होतं. तिसऱ्या खेपेला माल पोचवल्याच्या चलनावर शिक्का पुसट आहे म्हणून परत. एकदम सगळं सांगायचं नाही, दर खेपेला एकच त्रुटी काढायची. प्रत्येक फेरीला माझा अर्धा दिवस मोडायचा आणि शेडवर वेल्डिंग थांबायचं.

चौथ्या वेळी मी जरा आवाज चढवला. लेखा विभागातला माणूस चिडला नाही. चहा सांगितला आणि म्हणाला, "भाऊ, मला तुमच्या कागदाची हौस नाही. तीन वर्षांनी ऑडिटवाला विचारेल, तेव्हा तुम्ही असाल का इथं? मीच असेन." तेव्हा माझा राग त्याच्यावरून उतरला. जास्तीचा कागद मागितला म्हणून कुणाला नोटीस येत नाही, कमी घेतला तर येते. पोर्टल आलं तरी ही भीती तशीच राहिली.

मग भांडण सोडलं आणि त्याच्या फाइलीला लागेल असाच कागद दिला. एका पानाचं पत्र, आवक नंबर घेऊन. त्यात लिहिलं: २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणं माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत नसेल तर तो स्वीकारला असं धरतात. करारात काहीही लिहिलं तरी पैसे द्यायची मुदत पंचेचाळीस दिवसांपुढं नेता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. थकलेल्या पैशांची तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते, हे शेवटच्या ओळीत.

आता त्याच्याकडं साहेबांपुढं ठेवायला कारण होतं. नवव्या दिवशी पैसे खात्यावर आले, माल देऊन ब्याऐंशी दिवसांनी.

व्याज मागितलं नाही. पोरगा अजून त्यावरून बोलतो. पण त्याच कार्यालयाची टेबलांची बोली पुढच्या महिन्यात आहे, आणि शपथपत्राचा बाँड मी आधीच आणून ठेवलाय.