काळीपिवळीचं बिल्ड : टप बसला, आता धूळ चढवून राहिलो

तं मंडळी, आपली काळीपिवळी (काळ्या-पिवळ्या टॅक्सीजीपचं छोटं मॉडेल) एकदाची काळीपिवळी दिसायला लागली. मागच्या वेळी नुसता चिरलेला सांगाडा दाखवला होता, मागून उघडा, चाकं वेगळ्या डबीत. आता बॉडी वाढवून झाली, टप (वरचं छत) बसला, दोन्ही कलर झाले अन् सध्या धुळीचं काम सुरू आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. ही 1/24 स्केलमधली, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, जुनी उंच बोनेटची जीप आहे, यवतमाळ-आर्णी-दिग्रसकडं सीटा भरून चालायच्या तशी. मागच्या चाकांच्या मागं बॉडी ओढून वाढवलेली, पत्र्याचा टप, वर कॅरियर, मागं पायदान, काचेवर जय सेवालाल. या गाडीचं किट कोणी काढलेलं मी पाहिलं नाही. तामिया-रेव्हेल या किटवाल्या कंपन्यांच्या डब्यात पोर्शे भेटते, स्कायलाइन भेटते, पण बाजाराच्या दिवशी जिच्यात किती माणसं बसली हे ड्रायव्हरलेही सांगता येत नसे ती गाडी भेटत नाही, ती आपल्यालाच घडवावी लागते.

बेस म्हणून बाजारातली साधी पुल-बॅक (मागं ओढून सोडली की पळणारी) खेळण्यातली जीप घेतली. खेळण्यावर स्केल लिहिलेलं नसते, ते आपण काढायचं, खऱ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) भागिले खेळण्याचा व्हीलबेस, बस. उंच बोनेटवाल्या सीजे-3बी चा व्हीलबेस 80 इंच, म्हणजे 2032 मिमी. (हे मॉडेल अमेरिकेच्या विलीज कंपनीनं 1953 मध्ये आणलं, नवीन हरिकेन इंजिन उंच होतं म्हणून बोनेट वर उचलावं लागलं, अन् तेच थोबाड महिंद्रानं आपल्याकडं पुढं वर्षानुवर्षं चालवलं.) माझ्या खेळण्याचा व्हर्नियरनं 82 मिमी आला, म्हणजे 1/24.8, कामापुरतं 1/24 च धरा. कोणाचा 63-64 मिमी येत असला तर ती 1/32 आहे, तिला 1/24 ची चाकं लावू नका, कार्टून दिसते.

1/24 वर मी अडून बसतो त्याचं अजून एक कारण म्हणजे हिशोब. एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच. गॅरेजात उभ्या असलेल्या एका जुन्या गाडीला टेप लावला, मापं वहीत फुटात लिहिली, घरी येऊन निम्मी करून इंचात कापली, कॅल्क्युलेटर काढायचं कामच नाही. मागचं आडवं बाकडं तिथं 14 इंच रुंद भरलं, माझ्याकडं 14.8 मिमी. एवढ्याशा फळीवर माणूस दिग्रसपर्यंत कसा बसत असंल बापा, हे ते कापतानाच कळते.

कापायच्या आधी प्लास्टिक ओळखून घ्या हे मी दरवेळी सांगतो अन् दरवेळी कोणीतरी विचारतेच की गोंद काहून धरत नाही. तळाचा बारका तुकडा कापून पाण्याच्या ग्लासात टाका, बोटानं खाली दाबून सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटतात अन् फसवतात. वर आला तर पॉलीप्रोपिलीन नाहीतर पॉलिथिन, त्याला ना गोंद धरते ना कलर, ती गाडी पोराला खेळायला देऊन टाका. बुडून राहिला तर बहुतेक एबीएस किंवा स्टायरिन, कामाचा माल.

आता मुद्द्याचं. खेळणं कापायच्या आधी ते घेऊन मी आमच्या इथल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकाकडं गेलो होतो, कलरची शेड पाहायला. त्यानं हातात घेतलं, मडगार्डच्या कडेवरून अंगठा फिरवला अन् म्हणे, "काहून बे, एवढा जाड पत्रा? रणगाडा आहे का हा?" अन् पाहा, कड 2 मिमी होती, गुणिले 24 केलं की 48 मिमी. लांबी-रुंदी सगळे मोजतात, जाडी कोणी मोजत नाही, अन् मॉडेल खेळणं दिसते ते तिथंच. आपल्याकडं स्क्रॅचबिल्डला (किटशिवाय हातानं घडवायला) सगळे जुनी एटीएम कार्डं वापरतात, मीपण वापरतो, पण कार्ड 0.76 मिमी जाड असते, म्हणजे खऱ्या गाडीवर 18 मिमीचा पत्रा झाला, अन् जीपचा पत्रा असते 1 मिमीच्या आसपास. 1/64 वाल्या भावांनी तर हा हिशोब करूच नये, तिथं तेच कार्ड 49 मिमीच्या जवळ जाते.

म्हणून यावेळी कार्ड फक्त आतून, सांगाड्याला. बाहेर जिथं कड दिसते, म्हणजे फाळका (मागची खाली उघडणारी फळी), पायदान, टपाची झालर, तिथं कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा लावला. तो साधारण 0.1 मिमी असते, 24 पट केला की 2.4, खऱ्याच्या बराच जवळ. साध्या कैचीनं कापल्या जाते, फक्त कड ब्लेडसारखी असते तर जपून, अन् वरचा छापील कलर पॉलिश पेपरनं पूर्ण काढा, नाहीतर प्रायमर पापडासारखा सुटते. चिकटवायला दोन भागांचा अरल्डाइट बरा, फेविक्विक झटक्यानं तुटते. मडगार्ड मात्र खेळण्याचंच ठेवलं, आतून 45 अंशात कानशीनं घासत घासत कड बारीक केली, आतली जाडी कोणालाच दिसत नाही.

कॅनच्या पत्र्याचा अजून एक फायदा आहे जो प्लास्टिकमध्ये नाही. फाळक्याच्या मधोमध आतून रिकाम्या रिफिलच्या टोकानं हळू दाबलं, बाहेर जो पोचा आला तो खराच पोचा आहे, कडेला पत्रा किंचित ताणल्यासारखा, उजेड त्याच्यावर वाकडा पडते. प्लास्टिक कोरून असा पोचा बनत नाही, मला तरी जमत नाही.

कॅरियरसाठी शेतीपंपाच्या मोटरी बांधणाऱ्याकडून 21 गेजची तांब्याची तार आणली, 0.8 मिमी, म्हणजे 24 पटीत 19-20 मिमीचा पाइप. एक टोक पान्ह्यात धरून दुसरं पक्कडीनं जोरात ओढलं की तार सुतासारखी सरळ होते. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमल असते, जोडाच्या जागी ते खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, हे लक्षात असू द्या.

कलरलाही तोच जाडीचा हिशोब लागू आहे. खऱ्या गाडीवर कंपनीचा कलर सगळे थर मिळून 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), भागिले 24 म्हणजे 4 ते 6 मायक्रॉन. एवढा पातळ थर आपल्या स्प्रेच्या कॅननं शक्यच नाही, म्हणून जेवढं पातळ जाईल तेवढं पातळ, अन् प्रायमरच्या आधी बोनेटच्या, पॅनलच्या रेषा ब्लेडच्या पाठीनं ओढून खोल करून घ्या, नाहीतर तीन-चार थरांत त्या बुजून जातात. डुको किंवा एनसी कलर (खऱ्या गाड्यांना मारतात तो, जहाल थिनरचा) सरळ स्टायरिनवर मारू नका, त्याचं थिनर प्लास्टिक खाऊन टाकते, आधी प्लास्टिकचा प्रायमर अन् वरून हलके हलके थर.

आपल्या भागाचा वेगळा प्रॉब्लेम म्हणजे ऊन. पुण्या-मुंबईचे भाऊ विचारतात दमटपणात कलर पांढरा पडते त्याचं काय करायचं, आपल्याकडं ते पावसाळ्यात, उन्हाळ्यात उलटं. 44-45 डिग्रीत स्प्रेचा थेंब गाडीवर पोचायच्या आधी हवेतच वाळते अन् वर पॉलिश पेपरसारखी खरखर बसते. मी नवतपा (उन्हाळ्याचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागायच्या आधी सगळं उरकलं, तेही सकाळी ऊन चढायच्या आत, पंखा बंद, कॅन 20 सेंटिमीटरवर, नेहमीपेक्षा थोडा जवळ. अन् कॅन टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका भाऊ, 50 डिग्रीच्या वर ठेवू नये असं त्याच्यावरच लिहिलेलं असते अन् मे महिन्यात आपल्या टिनाखाली तेवढं सहज होते.

क्रम : आधी पिवळा, मग काळा. पिवळा झाकतच नाही कशाला, राखाडी प्रायमरवर मारला तर हिरवट-मळकट दिसते, म्हणून खाली फिकट गुलाबी थर दिला. ऐकायला विचित्र वाटते, पण पांढऱ्यापेक्षा गुलाबीवर पिवळा जास्त उबदार येते, टॅक्सीचा जो पिकल्या आंब्याकडं झुकणारा पिवळा आहे तो. मग मास्किंग टेप, टेपच्या कडेवर परत एक हलका पिवळा (म्हणजे जी काही गळती व्हायची ती पिवळ्यातच होते), अन् त्यावर काळा. काळा म्हणजे शुद्ध काळा नाही. एवढ्या छोट्या गाडीवर शुद्ध काळा भोकासारखा दिसते, आकारच हरवते, त्यात थोडा पांढरा अन् एक थेंब तपकिरी टाकला. टायर त्याहून फिकट, डांबरी राखाडी.

नंबर प्लेटचं सांगतो, बऱ्याच जणांना यात अडचण येते. खऱ्या चारचाकीच्या प्लेटवर अक्षराची उंची 65 मिमी अन् रेघेची जाडी 10 मिमी, म्हणजे आपल्याकडं 2.7 मिमी अन् 0.4 मिमी. रेडियमवाल्याला दाखवलं तर तो हसला, त्याच्या मशीनचं ब्लेड एवढ्यात फिरतच नाही. मग पिवळ्यावर काळं असं लेझर प्रिंटरवर 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) काढलं, 0.4 मिमीच्या रेघेला जवळपास दहा ठिपके भेटतात, अक्षर स्वच्छ येते. एमएच-29 पुढचा नंबर चिखलाखाली दाबला, उगाच कोणाच्या खऱ्या गाडीचा निघाला तर लफडं.

काचा ओएचपी शीटच्या (पारदर्शक प्लास्टिकचा कागद), दोन भागांत. काचेजवळ फेविक्विक नेऊच नका, त्याच्या वाफेनं पांढरं धुकं बसते अन् पुसून जात नाही. फेविकॉल लावा, वाळला की पारदर्शक होते.

आता धूळ. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवून राहिलो अन् घालवणार. बरेच जण रस्त्यावरची माती चाळून सरळ मारतात, पण कपड्यातून चाळलेल्या मातीचा कणही 0.05 मिमी धरला तर 24 पटीत 1.2 मिमी, म्हणजे गाडीवर बारीक गिट्टी सांडल्यासारखं दिसते. इथं आपली काळी माती कामाला येते. ती चिकणमाती, तिच्यात 2 मायक्रॉनच्या खालचे कण भरपूर. शेतातली मूठभर माती बाटलीत पाणी घालून हलवायची, काही मिनिटं ठेवायची, रेती-कचरा खाली बसते, वरचं गढूळ पाणी तेवढं ताटात ओतून उन्हात वाळवायचं. ताटाला जो पापुद्रा धरते तो खरवडून बोटात चोळा, पावडरसारखा लागते. वाळल्यावर ती काळी राहत नाही, राख्या रंगाची होते. मुरमाच्या लालसर मातीचंही असंच काढलं अन् दोन्ही मिसळली, कारण आपला रस्ता निम्मा काळा निम्मा मुरूमच आहे.

बसवायचं कुठं हे गाडी पाहून ठरवा, सगळीकडं सारखी धूळ म्हणजे पिठाच्या गिरणीतली गाडी. चौकोनी पाठीच्या गाडीमागं हवा पोकळी करते अन् धूळ आत ओढते, म्हणून फाळका सगळ्यात मळका, बोनेट त्यामानानं स्वच्छ. टायरच्या खाचांत मातीत थोडा फेविकॉल मिसळून घट्ट गोळा भरला, पावसाळ्यात काळी माती चाकाला जशी थर धरत जाते तशी, अन् मडगार्डच्या आतून तोच थर. काचेवर वायपरच्या कमानीएवढा टेप कापून लावला, मग धूळ, मग टेप काढला. अन् जिथं माणसांचे हात लागतात तिथं धूळ नाहीच. मागच्या दांडीवर, पायदानाच्या मधोमध कलर घासून 6बी पेन्सिल चोळली, खालचं लोखंड चमकते. वरून मॅट लॅकरचा अगदी हलका फवारा, जास्त मारला की सगळी धूळ ओली होऊन गायब होते.

बाकी राहिलेलं : हेडलाइटच्या काचा, कॅरियरवरची ताडपत्री अन् बाजूचे गुंडाळलेले पडदे. पडद्याला कापड चालणार नाही, विणच मोठी दिसते. टिश्यू पेपरचा एक पदर सुटा करून पातळ फेविकॉलमध्ये बुडवून पाहतो आहे, सुरकुत्या तरी बऱ्या येऊन राहिल्या. कोणाकडं जुन्या काळीपिवळीचा मागून काढलेला फोटो असला, फाळका उघडा अन् साखळी लटकलेली, तर द्या न भाऊ. साखळीचा हुक बॉडीला आतून होता की बाहेरून, यावर काकाचं अन् माझं जमून नाही राहिलं.