तुम्ही विचारलंत म्हणून: चांगली टीचर कशी ओळखायची?

अ‍ॅडमिशनचे दिवस आले की बिल्डिंगमधल्या आया मला हमखास विचारतात, काकू तुम्ही एवढी वर्षं प्राथमिकला होतात, चांगली टीचर कशी ओळखायची हो? त्यांना वाटतं मी डिग्री, इंग्लिश, शिस्त असलं काहीतरी सांगणार. मी म्हणते वही बघा. चुकलेल्या गणितावर नुसती लाल फुली आहे, की बाईंनी बाजूला काही लिहिलंय?

कारण मूल उगाच चुकत नाही हो. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ आलं की आपण म्हणतो लक्ष नाही, पण त्याने सातातून दोन वजा केलेले असतात, मोठ्यातून लहान काढायचं हे आपणच त्याच्या डोक्यात भरलेलं असतं ना! सत्तावीसचं तेच, बोलताना सात आधी आणि लिहिताना दोन आधी, मग ७२ लिहिणारं मूल काय ढ आहे? २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीससाठी 'वीस सात' आलं तेव्हा केवढी टिंगल झाली, मला मात्र माझ्या वर्गातली मुलं आठवत होती.

मीसुद्धा सुरुवातीला फुल्याच मारायचे. एक मुलगी एकोणचाळीस सांगितलं की ४९ लिहायची. मी दहा-दहा वेळा लिहून आणायला लावलं, तरी पुढच्या वेळी परत ४९च. शेवटी शेजारी बसून विचारलं, तू कसं लिहितेस गं? म्हणाली, बाई, चाळीस ऐकू येतं ना. एकोण म्हणजे एक कमी, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. त्या दहा-दहा वेळांचं मला अजून वाईट वाटतं.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं मोठेपण मला यातच दिसतं. पालघरमधल्या कोसबाडकडची आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, का तर गुरं चारायला जायची, मग या दोघींनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. पटावरून नाव कमी करणं किती सोपं होतं!

म्हणून घरी आल्यावर मुलाला मार्क विचारू नका, आज चुकलं तेव्हा बाई काय म्हणाल्या ते विचारा. "तू कसं केलंस ते सांग म्हणाल्या" असं उत्तर आलं तर शाळा बदलायचा विचारही करू नका, बिल्डिंग कशीही असू दे.